संध्याकाळचा गोंधळ दुपारी तीनलाच ठरलेला असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा, धाकटी नऊ महिन्यांची. संध्याकाळी सहापासून घरात नुसती रडारड. मोठा धड जेवत नाही, आंघोळीला ओढून न्यावं लागतं, अंथरुणात तासभर दंगा करून साडेदहाला झोपतो आणि सकाळी आठला उठतो. दुपारी साडेतीन ते साडेपाच त्याची गाढ झोप होते. धाकटी दोन झोपांनंतर साडेपाचला आणखी एक डुलकी काढते, रात्री साडेनऊला दूध पिता पिता झोपते आणि मग रात्रीत तीन-चारदा उठते. नवरा आठला घरी येतो. शेवटी आई ओरडते, मोठा हुंदके देत झोपतो आणि आईला स्वतःलाच झोप येत नाही. शिस्त कुठे कमी पडते, असं विचारलंय.

शिस्तीचा यात फारसा संबंध नाही. आधी झोपेचा हिशेब मांडून पाहा. रात्री साडेदहा ते सकाळी आठ म्हणजे साडेनऊ तास, दुपारचे दोन, एकूण साडेअकरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ३ ते ४ वर्षांच्या मुलासाठी चोवीस तासांत १० ते १३ तास झोप सांगितली आहे, दुपारची धरून. म्हणजे तुमच्या मुलाची झोप पुरेशी होतेय, फक्त भलत्या वेळी. साडेपाचला ताजातवाना होऊन उठलेल्या मुलाला साडेनऊला अंथरुणात घालणं म्हणजे पोटभर जेवलेल्याला पुन्हा ताटावर बसवणं. तो हट्ट करत नाहीये, त्याला झोपच आलेली नाही.

म्हणून दुरुस्ती संध्याकाळी सुरू करायचीच नाही. ती सकाळी आणि दुपारी करायची. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, कारण कुणालाही जबरदस्तीने झोपवता येत नाही. उठवण्याची वेळ मात्र पूर्ण आपल्या हातात असते. पहिले तीन दिवस मोठ्याला सकाळी साडेसातला उठवा, मग सात. पडदे उघडा, दिवे लावा, उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उजेडात न्या. सकाळचा उजेड झोपेची वेळ अलीकडे ओढतो आणि रात्रीचा उजेड ती उशिरावर ढकलतो. लहान मुलांच्या बाबतीत हा परिणाम मोठ्या माणसांपेक्षा जास्त होतो. रविवारीही हीच वेळ ठेवा, फार तर अर्ध्या तासाची सूट. रविवारी नऊपर्यंत झोपू दिलं की बुधवारपर्यंत त्याचे चटके बसतात.

आता दुपार. दोन तासांची झोप एकदम बंद करू नका. साडेतीन वर्षांच्या बहुतेक मुलांची दुपारची झोप सुटायच्या मार्गावर असते, पण सुटलेली नसते. झोपेची सुरुवात अलीकडे आणा आणि लांबी कापा. साडेतीनऐवजी अडीच, मग दोन, मग पावणेदोन. लांबी दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी कमी करत पाऊण तास ते एक तासावर आणून थांबा. शेवटचं चित्र असं हवं: पावणेदोनला आडवा, पावणेतीनला उठवलेला. म्हणजे रात्री साडेआठपर्यंत त्याला पावणेसहा तास जागेपण मिळतं आणि तेवढं या वयाला लागतंच.

मधूनच उठवलेलं मूल वीस मिनिटं भयंकर किरकिर करतं, याची तयारी ठेवा. हाका मारून उठवू नका. आधी पडदा सरकवा, खोलीतले आवाज वाढू द्या, मग पाठीवर हात. उठल्या उठल्या पाण्याचा पेला हातात द्या आणि पंधरा मिनिटं काहीही विचारू नका, 'काय खाणार' हेसुद्धा नाही. मांडीवर घेऊन बसून राहा. या पंधरा मिनिटांत घाई केली की तीच किरकिर चारपर्यंत चालते आणि आई म्हणते, 'उठवलं नसतं तर बरं झालं असतं.' बहुतेक घरांत ही योजना इथेच फसते.

दुसरी जागा म्हणजे संध्याकाळी पाचची पेंग. गाडीत किंवा सोफ्यावर साडेपाचला दहा मिनिटं जरी डोळा लागला तरी साचलेला सगळा थकवा वाया जातो. नवी वेळ बसेपर्यंत चार ते सहा या वेळात त्याला गाडीत बसवणं, टीव्हीसमोर बसवणं टाळा. बाहेर न्या, पाण्यात हात घालू द्या, उभ्याने करायची कामं द्या. आणि एखाद्या दिवशी दुपारी झोपलाच नाही, तर रात्रीची वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे घ्या. थकवा फार झाला की लहान मूल मरगळत नाही, उलट उधळतं. पलंगावर उड्या, विनाकारण हसणं, धाकटीला ढकलणं. 'याच्यात अजून किती दम आहे' असं वाटतं तेव्हा बहुधा त्याचा दम तासाभरापूर्वीच संपलेला असतो.

रात्रीची वेळ सरकवायची पद्धत ठरलेली आहे. साडेदहाला झोपणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून साडेआठला आडवं करू नका. दोन तास अंधारात लोळत, उठत, रडत काढले की तो एकच गोष्ट शिकतो: अंथरूण ही भांडायची जागा आहे. त्याला खरोखर झोप लागते त्या वेळेपासून सुरुवात करा, म्हणजे सव्वादहा. वीस मिनिटांच्या आत झोपला की दोन-तीन दिवसांनी दहा, मग पावणेदहा. अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला तर आणखी दोन दिवस त्याच पायरीवर थांबा. आठ पायऱ्या आहेत, सुमारे अडीच-तीन आठवडे लागतात. सकाळी आणि दुपारी हात घातलेला असेल तर मधल्या एखाद-दोन पायऱ्या तो स्वतःच गाळतो.

धाकटीचा हिशेब वेगळा. ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप लागते. नऊ महिन्यांत बहुतेक बाळं दिवसातून तीन झोपांवरून दोनवर आलेली असतात किंवा येत असतात. तुमची साडेपाचची डुलकी ही तिसरी, उरलेली झोप. तिच्यामुळे रात्र साडेनऊवर गेली आहे. दिवस साधारण असा बसवा: सातला उठणं, पावणेदहा ते अकरा पहिली झोप, दोन ते सव्वातीन दुसरी, रात्री सव्वासातच्या सुमारास झोप. दोन झोपांमधलं जागेपण पावणेतीन तासांपासून वाढत चार तासांपर्यंत जातं. शेवटचं सगळ्यांत लांब असतं आणि सुरुवातीला तेवढं तिला झेपणार नाही. डुलकी सुटताना आठवडाभर तिला साडेसहालाच झोपवावं लागेल. लवकर झोपवलं तर पहाटे लवकर उठेल ही भीती सगळ्यांना असते. या वयात बहुधा उलटंच होतं, अति थकलेलं बाळ रात्री जास्त वेळा उठतं आणि पहाटे पाचला टक्क जागं होतं.

दोघांच्या दुपारच्या झोपा अशा लावल्या की दोन ते पावणेतीन दोघंही झोपलेली असतात. ही पंचेचाळीस मिनिटं भांडी आवरायला वापरू नका. आडव्या व्हा. संध्याकाळच्या योजनेत आईचं अंग टेकणं हा सुटा भाग नाही, सहा वाजता आवाज चढतो की नाही हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं.

आता जेवण. मोठा जेवत नाही कारण बहुतेक वेळा त्याला भूक नसते. साडेपाचला उठल्यावर दूध, सहाला बिस्कीट, सातला 'थोडंसं खाऊन घे', आणि आठला जेवण. चारपाच वर्षांपर्यंतच्या मुलाचं पोट लहान असतं, दर अडीच-तीन तासांनी भरायचं आणि मध्ये रिकामं ठेवायचं. दुपारचं खाणं साडेतीनला, ते व्यवस्थित, बसून, पोटभर. त्यानंतर जेवणापर्यंत फक्त पाणी. जेवण सव्वासहाला. दिवसभराचं दूध एकूण ४०० ते ५०० मिलीच्या आत ठेवा, आणि संध्याकाळी जेवणाआधी अजिबात नको. रोज पाऊण लिटर-लिटरभर दूध पिणारं मूल जेवत नाही यात नवल नाही, शिवाय अशा मुलांत लोह कमी पडण्याची शक्यता वाढते.

ताटात काय, किती वाजता आणि कुठे बसून, हे तुम्ही ठरवा. किती खायचं आणि खायचं की नाही, हे त्याला ठरवू द्या. सुरुवातीला प्रत्येक पदार्थ वयाला एक चमचा या मापाने वाढा, म्हणजे साडेतीन वर्षांच्याला तीन-चार मोठे चमचे. भरलेलं ताट पाहूनच मुलं मागे सरतात, संपवून पुन्हा मागण्यात त्यांना मजा येते. रोज एक तरी पदार्थ त्याच्या ओळखीचा हवा. नवा पदार्थ स्वीकारायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, आणि 'समोर येणं' म्हणजे ताटात एक चमचा असणं, तोंडात कोंबणं नव्हे. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला. न बोलता. 'काहीच खाल्लं नाहीस' हे वाक्य गिळून टाका. कमी खाल्लं तर झोपण्यापूर्वी काही साधं, तेही रोज एकाच प्रकारचं, द्यायचं की नाही ते आधीच ठरवून ठेवा. जेवण नाकारलं की आवडीचं मिळतं, हा हिशेब मुलं दोन दिवसांत शिकतात.

धाकटीला त्याच वेळी त्याच टेबलावर किंवा चटईवर बसवा. फक्त तिच्या हाताच्या टप्प्यात मोठ्याचं ताट नको. गोल, कडक, गुळगुळीत काहीही, अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, तिला मिळता कामा नये. द्राक्ष उभं चार भागांत कापायचं. खोकत, आवाज करत, लाल होऊन उबळ काढत असेल तर मध्ये बोट घालू नका, तिचं तिला जमतंय. आवाज बंद झाला, रडताही येत नसेल तर ते अडकणं. मग हातावर पालथी, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा, उताणी करून छातीच्या मधोमध ५ दाब, पुन्हा थापा, आणि दुसऱ्या कुणाला रुग्णवाहिकेला फोन करायला सांगा. हे वाचून जमत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर एकदा करून घ्या.

आंघोळीला ओढून न्यावं लागतं, असं लिहिलंय. पाण्यात गेल्यावर तो रडत नसेल, तर त्याला पाणी नको नसतं, हातातला खेळ सोडायचा नसतो. लांबून हाक मारून उपयोग नाही. जवळ जा, गुडघ्यावर बसा, खांद्याला हात लावा, तो काय करतोय ते एका वाक्यात बोला ('पूल झाला, आता गाडी जाणार'), मग सांगा. 'पाच मिनिटांनी आंघोळ' हे त्याला कळत नाही, कारण पाच मिनिटं दिसत नाहीत. मोजता येईल असं द्या: 'गाडी अजून तीनदा पुलावरून ने, मग आंघोळ.' तिन्ही वेळा तिथेच थांबून मोजा. तिसऱ्यानंतर चौथी देऊ नका, एकदा दिली की उद्या आकडा निरर्थक होतो. मग पुढची कृती हातात द्या: 'टॉवेल तू नेतोस की मी?' 'आंघोळ करूया का?' असं कधी विचारू नका. विचारलंत तर 'नाही' हे रीतसर उत्तर आहे आणि ते मोडून काढलं की भांडण आपणच लावलं.

दोघांची आंघोळ एकदमच होऊ द्या, दहा मिनिटांत. रोज साबण, रोज केस धुणं यांची गरज नसते. नऊ महिन्यांच्या बाळाला आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण आंघोळ आणि एरवी तोंड, मान, काखा, जांघा पुसणं एवढंही चालतं. ज्या दिवशी सगळंच फाटलंय त्या दिवशी आंघोळ गाळा, झोपेची वेळ गाळू नका. पाणी आधी गार, मग गरम घालायचं, हाताने नीट ढवळून कोपराने पाहायचं. ३७-३८ अंश म्हणजे कोपराला ना गरम ना गार लागतं. गीझरचं तापमान ५० अंशांच्या आत ठेवा, ६० अंशांचं पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजतं. बसलेल्या बाळासाठी पाण्याची खोली पाच-सात सेंटिमीटर पुरे. बेल वाजली, फोन वाजला, तर बाळाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्या. 'दादा बघतोय' ही सोय धरू नका. बाळ पाण्यात पडतं तेव्हा आवाज होत नाही. आंघोळ झाली की टब, बादली लगेच रिकामी.

केस धुताना रडणाऱ्यासाठी एक युक्ती. छताला एखादं चित्र चिकटवा आणि कोरडा नॅपकिन त्याच्याच हाताने कपाळावर घट्ट धरू द्या. 'वर बघ' म्हटलं की मुलं अर्धा सेकंद बघतात; 'वरच्या माशाला डोळे किती?' विचारलं की मान तशीच राहते आणि पाणी मागे जातं.

दात रात्री शेवटी, त्यानंतर फक्त पाणी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. दोन दात आलेल्या धाकटीचेही घासायचे. साडेतीन वर्षांच्या हाताला दात घासता येत नाहीत, सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनी फिरवायचा. समोर उभं राहून घासू नका. तुम्ही मांडी घालून बसा, तो उताणा, डोकं तुमच्या मांडीवर. वरच्या दाढा दिसतात, हिरड्यांच्या कडेला ब्रश तिरका लागतो, आणि दोन मिनिटांचं काम खरंच दोन मिनिटांत होतं.

आता संध्याकाळचा सगळ्यांत अवघड तुकडा: एक मोठं माणूस, दोन मुलं, आणि धाकटीला झोपवताना मोठा दार ढकलून आत येतो. धाकटीला आधी झोपवायचं. त्या वीस मिनिटांसाठी मोठ्याला एक डबा द्या, जो फक्त याच वेळी उघडतो. आत चार-पाच वस्तू: स्टिकर, मऊ माती, चित्रांचं जाड पुस्तक, टॉर्च. दर तीन-चार दिवसांनी एक बदला. पहिले काही दिवस डबा त्याच खोलीत, तुमच्या पायाशी उघडू द्या, मग दाराशी, मग बाहेर. मोबाइल देऊन ही वीस मिनिटं निघतात, पण मोबाइल काढून घेताना पुढची चाळीस जातात. शिवाय झोपण्याआधीच्या तासात डोळ्यांसमोर मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत एक वर्षाखाली पडद्यासमोर अजिबात न बसवणं आणि २ ते ४ वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी तेवढं बरं, असं सांगितलं आहे. दुपारी द्यायचा तेवढा द्या.

धाकटीच्या रात्रीच्या उठण्याबद्दल. बाळाचं झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ते किंचित जागं होतं. सगळीच बाळं होतात. काही कूस बदलून पुन्हा झोपतात, काही हाका मारतात. जे बाळ तोंडात दूध असताना झोपतं आणि गादीवर जागं होतं, त्याला जग बदललेलं दिसतं. म्हणून दूध झोपेच्या सुरुवातीला न देता झोपवण्याच्या क्रमाच्या सुरुवातीला आणा. दूध दिवा चालू असताना, मग कपडे, मग गाणं, मग डोळे जड पण मिटलेले नाहीत अशा अवस्थेत गादीवर. दूध आणि डोळे मिटणं यांत वीस मिनिटं जायला हवीत. आठव्या-नवव्या महिन्यात आई दिसेनाशी झाली की घाबरण्याचा काळ असतो, त्यामुळे एकटीला सोडून बाहेर जा असं मी सांगत नाही. शेजारी बसा, हात ठेवा. चार दिवसांनी हात काढा, पुढच्या चार दिवसांत खुर्ची दूर सरकवा.

रात्री आवाज आला की लगेच उचलू नका, एक-दोन मिनिटं ऐका. बाळं झोपेत कण्हतात, हातपाय हलवतात, डोळे मिटून रडतातही. उचललं की मात्र नक्की जागी होतात. वजन नीट वाढत असलेल्या नऊ महिन्यांच्या बाळाला रात्री एखाद-दुसऱ्यांदा दूध लागू शकतं, त्यात गैर काही नाही. तीन-चारदा लागत असेल तर दिवसा पाजणं धावपळीत अर्धवट होतंय का ते पाहा; या वयात बाळ दिवसा इकडे तिकडे बघण्याच्या नादात दूध सोडतं आणि रात्री वसूल करतं. दिवसातली दोन पाजणी अंधाऱ्या, शांत खोलीत करा.

तिला झोपवायचं ते पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, वर्षापर्यंत उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण यांशिवाय. ती स्वतः दोन्हीकडे वळायला लागली असेल तर रात्री उठून उताणी करत बसू नका. गार वाटतंय का ते तळहातावरून ठरवू नका, मानेमागे किंवा छातीला हात लावा. आणि सोफ्यावर दूध पाजताना डोळा लागणं हा या सगळ्यातला मोठा धोका आहे. पेंग येणार असेल तर सोफ्यावर बसूच नका.

मोठा आठ वाजून दहा मिनिटांनी अंथरुणात. दोन पुस्तकं, ती त्याने आधीच निवडलेली, मग दिवा. त्यानंतर पाणी, शू, 'एक गोष्ट राहिली' ही मिरवणूक सुरू होते. त्यासाठी तिकीट करा. पुठ्ठ्याचं, त्याच्या हाताने रंगवलेलं, रोज रात्री उशाशी ठेवलेलं. ते दिलं की एकदा बाहेर येता येतं किंवा एक मागणी पुरी होते, तीन मिनिटांची. मग तिकीट तुमच्याकडे, सकाळपर्यंत. पुढच्या वेळी बाहेर आला तर न बोलता, न चिडता हात धरून परत. तीनपेक्षा लहान मुलाला हे जमत नाही, साडेतीनला जमतं. पुष्कळ मुलं तिकीट जपून ठेवतात आणि ते हातात धरूनच झोपतात. तिसऱ्या-चौथ्या रात्री मागण्या अचानक वाढतात, पहिल्या रात्रीपेक्षाही जास्त. पूर्वी चालायचं ते खरंच बंद झालंय का, हे तो तपासतो. त्या रात्री एकदा मान तुकवली तर तो शिकतो की दहाव्यांदा मागितल्यावर मिळतं.

नवरा आठला येतो, म्हणजे नेमका मूल शांत होत असताना. दार उघडल्या उघडल्या उचलून हवेत उडवलं की पाऊण तास गेला. भेट तर हवीच, तिची जागा ठरवा: आठला येऊन हात धुऊन थेट अंथरुणाशी, पुस्तकं त्याने वाचायची, दिवा त्याने बंद करायचा. उशीर झाला तर वाट पाहायची नाही, त्या दिवशी आई वाचते. दंगामस्ती सकाळी सात ते साडेसात, तोच वेळ बापाचा. काम वाटताना तुकडे देऊ नका. 'जरा डायपर दे', 'जरा पाणी आण' यात आठवण ठेवायचं काम तुमच्याकडेच राहतं, आणि थकवतं तेच. पूर्ण काम सोपवा: रात्रीचं पुस्तक-दात-दिवा हे त्याचं, त्यात पेस्ट संपत आली हे लक्षात ठेवणंही त्याचं. तो वेगळ्या पद्धतीने करेल. सुरक्षित असेल तर बघत उभ्या राहू नका.

ओरडण्याबद्दल. संध्याकाळी सहाला तुमची भूकही चार तासांची असते, हे बहुतेक आया विसरतात. साडेतीनला मुलासोबत तुम्हीही बसून खा. आवाज चढायला लागला असं जाणवलं की वाक्य अर्धवट सोडून खाली बसा. उभ्याने ओरडणं सोपं असतं, जमिनीवर बसून अवघड जातं. अगदीच सुटतंय असं वाटलं तर बाळाला तिच्या गादीवर सुरक्षित ठेवा, मोठ्याला सांगा 'मी दोन मिनिटांत येते', आणि दुसऱ्या खोलीत जा. रडणारं बाळ पाच मिनिटं गादीवर रडलं तर काही होत नाही. रागाच्या भरात हलवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ओरडून झालंच असेल तर झोपण्याआधी दोन वाक्यं: 'मी मोठ्याने ओरडले. तुला भीती वाटली असेल. राग आवरणं माझं काम आहे.' तिथेच थांबा. 'पण तू ऐकत नव्हतास' जोडलं की माफी पुन्हा रागावणं होते.

मूल झोपल्यावरही तुम्हाला झोप येत नाही, असं लिहिलंय. ते गोंधळलेल्या संध्याकाळीपुरतं असेल तर वरच्या बदलांनी सुटेल. दोन आठवडे जवळपास रोज उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळ झोपलं तरी डोळा लागत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन जा. मोठा आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल किंवा मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटत असेल तर झोपेच्या वेळा कितीही बदलून उपयोग नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

हे सगळं एका सोमवारी सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळची वेळ आणि दुपारची झोप. संध्याकाळ आहे तशीच गोंधळाची राहू द्या, जेवण उशिरा झालं तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यात जेवणाची वेळ आणि धाकटीची तिसरी डुलकी. तिकीट, डबा, दातांची मांडी हे तिसऱ्यात. मध्ये कुणाला ताप आला किंवा प्रवास आला तर सगळं बाजूला ठेवा, आजारी मुलाला हवं तेव्हा झोपू द्या. बरं झाल्यावर पुन्हा सकाळी सातचा पडदा उघडण्यापासून सुरू करा. दुसऱ्यांदा बसायला तीन आठवडे नाही, चार-पाच दिवस लागतात.